लाल ठिपक्याची पट्टी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
संत तुकाराम नगर, पिंपरी
ता. १८ जानेवारी १९७६

चि. बिल्किस हिस इंदुताईचे आशीर्वाद.

कार्ड पोचले. तुझ्या सासऱ्यांचा, लालमहंमदचाचांचा, दमा उतरला हे वाचून बरे वाटले. त्यांच्यासाठी तुम्ही कंपनी सोडून लातूरला गेलात त्याला आता वर्ष होईल. तुमच्या खोलीत बार्शीकडचे कुटुंब आले आहे. माणसे चांगली आहेत, पण दार लावून घेतात.

पुढील मजकूर यांच्या सांगण्यावरून, हनीफभाऊंना वाचून दाखवणे.

"हनीफ, तिसरी गाडी ठरली. फियाट. जीप तुझ्याकडे आहे, टेंपो माझ्याकडे. ही कुणाकडे राहणार ते पुरी झाल्यावर भांडू. प्रमाण नेहमीचेच, खऱ्या फुटाला आपला पाऊण इंच. काल दवाखान्यापुढे डॉक्टरांची फियाट उभी होती, ती टेपने मोजून घेतली. मी आकडे ओरडत होतो, ही वहीत उतरवत होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, गाडी विकत घेताय का? मी म्हटले, नाही, तिला झंपर शिवायचाय.

आता एका बाकावर बसून काम होणार नाही, म्हणून वाटणी. लाकडी बॉडी माझी. पत्र्याची चासी, चाके आणि स्टिअरिंग तुझे. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पावणेसहा इंच. मी बॉडी पावणेसहावर कोरतो, तू चासी पावणेसहावर बांध. एकावर एक ठेवले की टक् असा आवाज आला पाहिजे. कानस मारून बसवावी लागली तर तू गॅरेज बंद कर आणि भाजी विकायला बस. रंगराव."

इथपर्यंत त्यांचे. तुला माहीतच आहे, यांची शाळा तिसरीत सुटली. लाकडावर हात चालतो तसा कागदावर चालत नाही. कंपनीच्या पॅटर्न शॉपात ओतकामाच्या लाकडी नमुन्यांतले सगळ्यांत अवघड काम यांच्याकडे येते आणि घरची कारकुनी माझ्याकडे. शिवणीच्या लाकडाचा एक ठोकळा आणून गेले आठ दिवस उशाशी ठेवला आहे. रात्री उठून हात लावून बघतात, वाळला का म्हणून. खालच्या मजल्यावरच्या सोजराबाई मला विचारतात, "घरात लेकरू नाही, मग ही खेळणी कुणासाठी?" मी म्हटले, "त्यांच्यासाठीच."

तुझी
इंदुताई

७८६
लातूर
ता. ५ फेब्रुवारी १९७६

इंदुताईंना बिल्किसचा सलाम.

पत्र वाचून दाखवलं. झंपराचं ऐकून हे इतके हसले की हातातला पाना पडला. आता ह्यांचं लिहिते.

"रंगराव, चासीचा पत्रा कापायला घेतला. चाकं शॉकअबसॉर्बरच्या जुन्या रबरी बुशातून काढतो, लेथवर. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं फिरणार, आधीच सांगतो. पावणेसहा म्हणजे पावणेसहाच. नाही बसली तर चूक तुझी, आणि भाजीची पाटी तुझ्या डोक्यावर."

ताई, हे रोज गिऱ्हाइकाला जीप दाखवतात. म्हणतात, ही बॉडी बघा, रंगरावचा हात देवानं सवडीनं बसून केलाय. मग माझी चासीसुद्धा बघा म्हणतात, पण ते हळू.

मला इथं सगळ्या "कंपनीवाली" म्हणतात. पिंपरीत गच्चीवर आपण दोघी पापड वाळत घालायचो तसं कुणी नाही. सासूबाई चांगल्या आहेत, पण त्यांना ऐकू कमी येतं. सगळं ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडून सांगण्यासारखं माझ्याजवळ लई काही नसतं.

बिल्किस

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
पिंपरी
ता. २३ मे १९७६

चि. बिल्किस हिस आशीर्वाद.

कार्ड सोडून पाकीट केले आहे, त्यावरूनच तू ओळखले असशील. हे हनीफभाऊंना वाचून दाखवायचे नाही.

तुमची तीन कार्डे आली, मी एकालाही उत्तर दिले नाही. ११ मार्चला कंपनीत बँडसॉच्या करवतीवर यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली, मुळापासून. अंगठाही पेरापर्यंत गेला. मशीनचा दोष नव्हता, कुणाचा धक्का लागला नाही. रोजचेच लाकूड, रोजचीच रेघ. हे म्हणतात, मी बघत होतो आणि तरी झालं. बावीस दिवस इस्पितळात होते. जखम भरली. डॉक्टर म्हणतात, उरलेल्या दोन बोटांनी पुष्कळ करता येते. कंपनीने टाइम ऑफिसात बसायचे काम देऊ केले आहे. हे गेले नाहीत.

बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. दिवसाकाठी तीन शब्द. "पाणी", "नको" आणि तिन्हीसांजेला "दिवा". मी मोजते. पूर्वी एकादशीला मौन धरायची मला हौस होती. आता घरात रोज एकादशी आहे.

पुरे वाक्य एकदाच बोलले, इस्पितळात. "हनीफला कळवायचं नाही. त्याच्या मनात तरी माझा हात होता तसा राहू दे." मी चिंचवडच्या मोरयाची शपथ घेतली की हनीफभाऊंना कळवणार नाही. म्हणून तुला कळवते आहे. ही पळवाट आहे हे मला समजते. तो काय ते बघून घेईल.

ठोकळा उशाशी होता तो मी उचलून माळ्यावर ठेवला. तुझ्याकडे एकच मागणे. चाके झाली असतील तर पाठव. भाऊंना म्हण, मागितली आहेत. डोळ्यांपुढे आली तर उठतीलही.

तुझी
इंदुताई

७८६
लातूर
ता. ९ जून १९७६

इंदुताई, सलाम.

पाकीट मी न्हाणीत बसून वाचलं. रडताना पाणी ओतत राहिले, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. सासूबाईंना ऐकू येत नाही हे नंतर आठवलं.

ह्यांच्यापासून मी आजवर फुटलेली बशीसुद्धा लपवली नाही. शपथ तुम्ही घेतली आणि जड मला झाली. पण भाऊजींचा शब्द आहे, तर नाही सांगणार.

चाकं पाठवलीत. चासी पण तयार आहे, पण ती हे सोडत नाहीत. म्हणतात, आधी बॉडी दाखव म्हणावं. ताई, ह्यांना वाटतंय भाऊजी रुसले. "भाजीची पाटी तुझ्या डोक्यावर म्हटलो, तेच लागलं त्याला. थट्टा करावी तर आपण, ऐकून घ्यायची तयारी नाही!" असं दिवसातून दहादा म्हणतात. आणि मग म्हणतात, रमजान ईद झाली की एस.टी.त बसतो आणि त्याच्या दारात उभा राहून विचारतो, काय चुकलं माझं?

ईद सप्टेंबरात आहे. बॉडी आली तर हे येणार नाहीत. नाही आली तर येतील, आणि सगळं डोळ्यांनी बघतील. मला पुढं काही सुचत नाही.

बिल्किस

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
पिंपरी
ता. २५ जुलै १९७६

चि. बिल्किस हिस आशीर्वाद.

चाके पोचली. चटईवर त्यांच्या हाताजवळ ठेवून मी आत गेले. तासाभराने येऊन पाहिले तर चटईवरून उचलून भिंतीशी ठेवलेली होती. फेकलेली नव्हती. चारही एका ओळीत.

तेवढ्यावर मी हत्यारांची पेटी उघडली. एवढ्या वर्षांत ती फक्त बाहेरून पुसली आहे. आधी हळदकुंकू वाहिले. दसऱ्याला हे वाहतात, मी आषाढातच दसरा करून घेतला. माळ्यावरचा ठोकळा काढला. पट्टी शोधली. नेहमीची त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची, ती त्या दिवशी रक्ताच्या कपड्यांबरोबर गेली. पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली दुसरी सापडली. पोलादी आहे, टोकाला लाल रंगाचा ठिपका. आकडे झिजलेत, पण वाचता येतात.

मापे माझ्याच अक्षरात वहीत आहेत. फुटाचे पाऊण इंच करायला मॅट्रिकचे गणित पुरते. पुठ्ठ्याचे फर्मे कापले आणि करंजीचे कातणे फिरवतो तशी त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवली. पटाशी पहिल्या दिवशी लाकडात शिरेना, दुसऱ्या दिवशी थांबेना. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधली आहे. परवाच्या पोळ्यांत भुसा गेला, यांनी तशाच खाल्ल्या.

काम स्वयंपाकघरात, दाराला पडदा लावून. परवा रंधा चालवत होते, लाकूड करकरायला लागले. बाहेरून आवाज आला, "उलटा."

मी रंधा फिरवून धरला. लोण्यावरून गेल्यासारखा गेला. हा चौथा शब्द. मग तासभर मी मुद्दाम उलटा चालवला, ठोकळ्याची एक बाजू त्यात खराब झाली, पण पुन्हा काही आले नाही.

म्हणजे मी काय करते आहे हे त्यांना कळते. विचारत नाहीत. मीही सांगत नाही. आम्ही दोघे एकाच लाकडाचा आवाज ऐकत दोन खोल्यांत असतो.

देवापुढे बसते तेव्हा शब्द बरोबर म्हणते, पण मन त्या छपराच्या गोलाईवर असते. पूर्वी असे कधी झाले नव्हते. हनीफभाऊंना मी आता यांच्या नावाने कार्ड टाकणार आहे. टाकण्यापूर्वी देवघरात एक दिवस ठेवीन.

तुझी
इंदुताई

पिंपरी
ता. ८ ऑगस्ट १९७६

(कार्ड)

हनीफ यास रंगरावचा नमस्कार. काम फार होते म्हणून पत्र लांबले. राग नाही. चाके फक्कड झाली. बॉडीचे छप्पर झाले, दरवाजांच्या रेघा ओढल्या, आता चाकांच्या कमानी. पुढच्या महिन्याअखेर एस.टी. पार्सलने पाठवतो, चासी बसवून बघ. ईदला घर सोडून येऊ नये. इकडे सारखा पाऊस आहे.
रंगराव
(सांगण्यावरून, इंदुमती)

७८६
लातूर
ता. ३ ऑक्टोबर १९७६

इंदुताई, सलाम.

ह्यांना कळलं. मी सांगितलं म्हणून नाही. तुमच्या बॉडीनं सांगितलं.

परवा पार्सल आलं. पोतं उसवून हे बघतच राहिले. छपरावरून अंगठा फिरवला. "वा रे माझ्या राजा!" म्हणाले. मग चासी आणली, पार्सलातून परत आलेली चाकं तिला लावली, बॉडीखाली धरली. टक् झालं नाही. पुढचं चाक कमानीत बसवलं की मागचं कमानीच्या कडेला घासतं. पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. एक सूत कमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला त्याच दिवशी कळलं.

ह्यांनी चासी मोजली, पावणेसहा बरोबर. बॉडी मोजली. लांबी, रुंदी, उंची, जिकडं मोजावं तिकडं थोडी थोडी जास्त. बॉडी मांडीवर घेऊन खाली बसले.

मग मला म्हणाले, "रंगरावकडं दोन पट्ट्या होत्या. एक खरी, खिशातली. दुसरी लाल ठिपक्याची, त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादनं दिलेली. ती पोलादाच्या कामाची. वितळलेलं पोलाद वाळूत ओतलं की गार होताना आक्रसतं, म्हणून लाकडी पॅटर्न आधीच मोठा करावा लागतो. त्या पट्टीवर जो फूट म्हणून लिहिलाय तो खऱ्या फुटाहून दोन सूत लांब असतो. सहा इंचाला एक सूत. नवशिक्याला पहिल्याच दिवशी शिकवतात, घरच्या कामाला ही पट्टी धरायची नाही. रंगरावला झोपेतून उठवून माप घ्यायला सांगितलं तरी ही चूक त्याच्याकडून होणार नाही. बिल्किस, ही बॉडी कुणी केली?"

मी सांगून टाकलं, ताई. माफ करा.

ओरडले असते तर बरं होतं. बाहेर जाऊन एकाच स्कूटरचा कार्ब्युरेटर तीनदा धुतला. जेवायला बसले आणि ताट सरकवलं. "चार महिने तू मला वाढत होतीस आणि तुला ठाऊक होतं." त्यानंतर दोन दिवस मी रांधते आणि सासूबाई वाढतात.

आज सकाळी स्वतःच आले. म्हणाले, "मी गेलो तर तो तोंड फिरवून घेईल. हळहळ केली तर जन्मात बोलणार नाही. त्याला डिवचायला पाहिजे. कागद घे." सोबतचं पत्र ह्यांनी सांगितलं तसं लिहिलंय. मोठ्यानं वाचून दाखवा म्हणतात, काही न गाळता. एक शिवी मीच गाळली आहे. बॉडी परत पाठवलीय. शेवटची ओळ सांगताना ह्यांचा आवाज नीट नव्हता, पण ते कागदावर दिसत नाही.

बिल्किस

(सोबतचे पत्र)

रंगराव, बॉडी मिळाली. एवढी वर्षं पॅटर्न शॉपात काढून तू फियाट लाल ठिपक्याच्या पट्टीनं मोजलीस? तुझी मोटार काय भट्टीत ओतायची आहे? थांबतो मी. गार होऊन आक्रसेल, मग बसेल माझ्या चासीवर. माझी चासी पावणेसहा आहे. पाहिजे तर डॉक्टरीणबाईंना बोलावून मोजून घे, त्यांना झंपराचं माप तरी कळतं. इथं गॅरेजात सगळ्यांना दाखवली, ही बघा आमच्या रंगरावच्या हातची चूक. सगळे हसले. भाजीचं दुकान तूच टाक, आणि तराजू दुसऱ्याच्या हातात दे. आता तुझं काय म्हणणं आहे ते तुझ्या तोंडचं लिहून पाठव. हनीफ.

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
पिंपरी
ता. १७ ऑक्टोबर १९७६

चि. बिल्किस हिस आशीर्वाद.

माफी कसली मागतेस? तुला खोटे बोलायला मी लावले. जेवण कोण वाढते ते कळव.

पत्र मी मोठ्याने वाचले. "सगळे हसले" इथे आले आणि यांनी कूस बदलली. सात महिन्यांनी सरळ माझ्याकडे बघितले.

"कुठाय?"

मी बॉडी काढून पुढे ठेवली. उचलली नाही.

"पट्टी?"

दिली. ठिपका बघितला आणि डोळे मिटून घेतले. मी म्हटले, "मला नव्हतं माहीत."

"चूक माझ्या नावावर गेली."

"तुमचा हात भाऊंच्या मनात राहावा म्हणूनच मी..."

"राहिला का?"

भाऊंना खरे कळले आहे, हे सगळे डिवचणे आहे, असे ओठावर आले होते. पण भाऊंनी काही योजून लिहिले असेल, ते मी मोडायचे नाही म्हणून गप्प राहिले. यांनी पट्टी फडक्यात गुंडाळली, डाव्या हाताने, दातांची मदत घेऊन. पेटीत टाकली, बॉडीही टाकली आणि पेटीला कुलूप लावले. किल्ली उशीखाली आहे. त्या दिवसापासून "दिवा"सुद्धा म्हणत नाहीत. वेळ झाली की मी आपली लावते.

दिवाळी आली. सोजराबाई विचारून गेल्या, "बाई, तुमच्याकडचं ते खरखर बंद झालं वाटतं? बरं झालं, दुपारची झोप होत नव्हती." मला त्यांचे तोंडसुद्धा बघवेना.

तुला एक सांगते, वेडी म्हणू नकोस. कणीक मळताना बोटे आपोआप ठोकळ्याची कड शोधतात. ओट्याच्या फळीवर मी पटाशी नसताना पटाशी धरून बघते. मी हे यांच्यासाठी करत होते असे तुला लिहिले होते, देवालाही तेच सांगितले होते. आता ते पुरते खरे वाटत नाही. खोटे चालले होते तोवर घरात कुणीतरी होते. आता फक्त आम्ही दोघे आहोत.

तुझी
इंदुताई

७८६
लातूर
ता. ३० ऑक्टोबर १९७६

(कार्ड)

ताई, सलाम. जेवण परत मीच वाढते, काळजी नको. दाल खारट झाली तर आता ओरडतात, म्हणजे जमलं. तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. आता तुमचं सगळं वाचून दाखवते, लपवत नाही. ऐकून म्हणाले, "कुलूप लावलं ना? मग टाकलेली नाही पेटी." चासी लेथवरच्या फळीवर ठेवली आहे. कुणाला हात लावू देत नाहीत.
बिल्किस

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
संत तुकाराम नगर, पिंपरी
ता. ९ जानेवारी १९७७

चि. बिल्किस हिस इंदुताईचे आशीर्वाद.

पुढील मजकूर यांच्या सांगण्यावरून. या वेळी खरोखरच.

"हनीफ, मार्चात उजव्या हाताची दोन बोटे आणि अंगठ्याचा शेंडा बँडसॉला दिला. तुला कळवू नको असे मीच हिला सांगितले होते. तू गॅरेजात हसवलेस म्हणून आठ दिवस तुला मनात शिव्या दिल्या. नवव्या दिवशी सुचले की माझी ही चूक बघून तू हसणार नाहीस, घाबरून एस.टी. पकडशील. तू तर उलट डिवचलेस, म्हणजे तुला सगळे ठाऊक आहे. लबाड आहेस.

पेटी उघडली. लाल ठिपक्याची पट्टी डाव्या हातात धरून बॉडी मोजायला घेतली. डावा हात अजून गाढव आहे, दिवसाला एक माप. छप्पर, पुढची काच, दरवाजे, कमानी. दोन महिने मोजतोय. उलट्या रंध्याने एक बाजू खरवडली होती, तीही लांबीत हात न लावता गोलाईत जिरवली आहे, बघ. हनीफ, त्या पट्टीने मोजले तर बॉडीत कुठे केसाचा फरक नाही. आपल्या शॉपात असे काम पहिल्या वर्षी कुणी केलेले मी बघितले नाही. मीसुद्धा केले नव्हते, उस्तादने माझे पहिले पॅटर्न चुलीत घातले होते.

तेव्हा बॉडीला कानस लागणार नाही. ती आहे ते माप खरे धरायचे. तू चासी एक सूत लांब कर. चाकेही त्या बेताने नवी काढ. टक् आवाज आला पाहिजे."

इथे मी थांबले आहे, कारण पुढचे मला लिहवत नव्हते. तुला आधी सांगते, मग लिहिते.

हे म्हणाले, "पुढं लिही. बॉडी इंदूनं केली."

बिल्किस, आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांचे नाव घेत नाहीत. लग्न झाल्यापासून यांनी मला "अगं" आणि "ऐकलंस का" याखेरीज हाक मारलेली नाही. इस्पितळाच्या कागदावर नाव विचारले तेव्हासुद्धा "घरची" म्हणाले होते. मी विचारले, "कुणी केली?" ऐकू आले होते, तरी विचारले.

"इंदूनं."

"तुमच्या पत्रात माझं नाव कशाला? भाऊंना कळलंच आहे."

"शॉपात रीत आहे. पॅटर्नच्या पोटात करणाऱ्याचं नाव घालतात. उद्या कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. कोरून घे खाली. चासी बसली की दिसणार नाही, पण असू दे."

एवढे बोलून पुन्हा भिंतीकडे वळले. त्यांना थकवा येतो. टाइम ऑफिसचे काही बोलले नाहीत आणि मी विचारले नाही. रोजचे शब्द अजून फार नाहीत. पण पेटी उघडी आहे आणि किल्ली देवघरात, माझ्या हाताशी येईल अशी ठेवली आहे.

यांच्या नावाने इतकी पत्रे लिहिली, खरी आणि एक खोटे, पण मजकुरात स्वतःचे नाव लिहायची वेळ कधी आली नव्हती. पेन दोनदा बुडवला. अक्षर वाकडे आले असले तरी हनीफभाऊंना नीट वाचून दाखव. त्यांचे शेवटचे वाक्य असे:

"बॉडी इंदूने केली.
रंगराव"